रेषांनी आखलेले देश, माणसांनी घडवलेले राष्ट्र

(आफ्रिका खंडाच्या राजकीय वाटचालीवर वाडी, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वाडीहून अमरावती मार्गाने नागपूर शहरात शिरून सीताबर्डीच्या पुढे विधानभवनाच्या दिशेने गेले की शून्य मैलाचा दगड लागतो. चार घोडे आणि उभा वालुकाश्माचा स्तंभ. देशाचा मध्यबिंदू म्हणून पाहुण्यांना आणि मुलांना तो दाखवण्याची नागपूरकरांची रीत आहे. इंग्रजांच्या मोजणी खात्याची ती खूण. ही मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केली. वीस वर्षे साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये नागपूरकडे येताना वाटेत हिंगणघाटला मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे. हा खटाटोप लोककल्याणासाठी नव्हता. सारा वसूल करायचा आणि सैन्य हलवायचे तर जमीन ठाऊक असावी लागते, एवढाच त्यामागचा हिशेब. पण निदान ती जमीन आधी पायाखाली घातली गेली.

आफ्रिका खंडाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तेथे नकाशावर रेषा आधी ओढल्या गेल्या आणि जमीन नंतर पाहिली गेली. त्या रेषांवर पुढे देश उभे राहिले. आज संयुक्त राष्ट्रसंघाचे ५४ सदस्य देश या एका खंडातले आहेत. त्यातले काही टिकले, काही कोसळले, काही रक्तात न्हाले. असे का झाले, हा प्रश्न केवळ आफ्रिकेचा नाही. राष्ट्र कशाने उभे राहते आणि कशाने ढासळते, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेतला पाहिजे.

न पाहिलेल्या भूमीची वाटणी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपीय येण्यापूर्वी आफ्रिकेला इतिहासच नव्हता, असे इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ शिकवले. प्रत्यक्षात नायजर नदीच्या परिसरात मालीचे साम्राज्य होते आणि टिंबक्टू हे विद्येचे केंद्र होते. दक्षिणेत चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडी भिंतींचे ग्रेट झिंबाब्वे होते. इथिओपियाची राजपरंपरा तर कित्येक शतकांची. महाराष्ट्राला हे सांगावे लागू नये. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत येऊन सत्ताधीश झाला. त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, तोही मूळचा आफ्रिकेचाच. मित्र म्हणून असो वा शत्रू म्हणून, आफ्रिकी माणसाचे कर्तृत्व या मातीने जवळून पाहिले आहे.

अशा खंडाच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी १५ नोव्हेंबर १८८४ रोजी बर्लिनमध्ये १४ देशांचे प्रतिनिधी जमले. २६ फेब्रुवारी १८८५ पर्यंत परिषद चालली. आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी तिच्यात नव्हता. कोणी कोणता किनारा घ्यावा आणि आत कसे शिरावे याचे नियम तेथे ठरले. प्रत्यक्ष रेषा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन-दोन देशांच्या करारांनी ओढल्या गेल्या. ज्यांवर गोऱ्या माणसाचे पाऊलही पडलेले नाही, असे डोंगर आणि नद्या आपण एकमेकांना देऊन टाकत आहोत, अशी कबुली खुद्द ब्रिटिश पंतप्रधान सॅलिसबरी यांनी दिली होती.

एक उदाहरण पुरेसे आहे. १८९० च्या करारात जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला आणि बदल्यात युरोपातले हेलिगोलँड हे चिमुकले बेट घेतले. त्याच करारात जर्मनीला आजच्या नामिबियातून झांबेझी नदीपर्यंत पोहोचणारी जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी मिळाली. नदीमार्गे थेट हिंदी महासागर गाठता येईल, असा बर्लिनचा होरा होता. पुढे त्याच नदीवर व्हिक्टोरियाचा महाकाय धबधबा आडवा आहे, याचा विचार कोणी केला नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, जर्मन सत्ता केव्हाच गेली. ती पट्टी नकाशावर अजून तशीच आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना एकाच जमातीचे लोक वेगवेगळ्या देशांचे नागरिक म्हणून राहतात.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथिओपिया आणि लायबेरिया वगळता जवळजवळ सारा खंड परक्यांच्या ताब्यात होता. इथिओपिया वाचला, कारण १ मार्च १८९६ रोजी आडोवाच्या रणांगणात त्याने इटलीच्या सैन्याचा निर्णायक पराभव केला. जो समाज एकवटून उभा राहिला, त्याच्या भूमीवर रेषा ओढण्याचे धाडस परक्याला झाले नाही.

रेषा तशाच का राहिल्या?

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. १९६० या एका वर्षात १७ देशांवर नवे ध्वज चढले. मे १९६३ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, ३२ स्वतंत्र देशांनी आफ्रिकी एकता संघटना स्थापन केली. तिच्यापुढचा पहिला बिकट प्रश्न होता, परक्यांनी आखलेल्या सीमांचे काय करायचे? १९६४ च्या कैरो बैठकीत उत्तर ठरले: स्वातंत्र्याच्या दिवशी ज्या सीमा होत्या, त्याच मान्य करायच्या. एक रेषा हलवली, तर शंभर रेषांवर युद्धे पेटतील, ही भीती होती. सोमालिया आणि मोरोक्को यांनी असहमती नोंदवली. बाकीच्यांनी वारशाने आलेला नकाशा स्वीकारला.

येथे नागपूरकरांनी स्वतःचा अनुभव आठवून पाहावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. भाषावार प्रांतरचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि एका दिवसात या शहराची राजधानी गेली. १९५३ चा नागपूर करार आणि दरवर्षीचे हिवाळी अधिवेशन एवढे पदरात पडले. त्याबद्दलची सल येथे आहे, वेगळ्या विदर्भाची मागणीही आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले आणि बेळगावचा प्रश्न अजून न्यायालयात आहे. भारतातही रेषा सुखासुखी बदलल्या नाहीत. पण या सगळ्या कलहात मराठी माणसाने, तेलुगू माणसाने, कन्नड माणसाने देश सोडून जाण्याची भाषा केली नाही. राज्याची सीमा पुसून पुन्हा आखता आली, कारण तिच्याखाली राष्ट्राची जमीन पक्की होती.

आफ्रिकेच्या नव्या शासनकर्त्यांना ती खात्री नव्हती. राज्य मिळाले होते, राष्ट्र घडवायचे होते. नायजेरियात ते लवकरच प्रत्ययाला आले. मे १९६७ मध्ये पूर्वेच्या इग्बो लोकांच्या प्रांताने बियाफ्रा या नावाने फारकत घेतली. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपेपर्यंत लाखो लोक मेले, त्यातले बहुसंख्य उपासमारीने. रवांडात तर बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी असा शिक्का मारला होता. एकच भाषा बोलणारे, एकाच टेकडीवर शेजारी राहणारे लोक कागदाने वेगळे केले. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या घरात माणसे मारली गेली आणि कोणाला मारायचे हे ठरवताना तीच ओळखपत्रे रस्त्यावरच्या नाक्यांवर तपासली गेली.

एक भाषा, एक धर्म, तरीही भंग

इथपर्यंत ऐकून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. भिन्न लोकांना एका रेषेत कोंबले म्हणून विस्फोट झाला. एकजिनसी लोक असते तर राष्ट्र टिकले असते. हा निष्कर्ष अपुरा आहे आणि तो अपुरा असल्याचे सोमालियाने दाखवून दिले.

आफ्रिकेत सोमालियाइतका एकजिनसी देश क्वचितच सापडेल. बहुतांश लोक एका वंशाचे, एका भाषेचे आणि एका धर्माचे. १९६० मध्ये ब्रिटिश आणि इटालियन भाग एकत्र येऊन हा देश झाला. शेजारच्या इथिओपियात, केनियात आणि फ्रेंचांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर राहणाऱ्या सोमालींनाही एका छत्राखाली आणायचे, म्हणून ध्वजावर पाच टोकांचा तारा घेतला. १९६९ मध्ये सेनापती सियाद बारे यांनी सत्ता बळकावली. १९७७ मध्ये इथिओपियावर स्वारी केली, ती फसली. सत्ता टिकवण्यासाठी मग कुळांना कुळांशी झुंजवले गेले. जानेवारी १९९१ मध्ये राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर राज्यही. भाषा एक होती, प्रार्थना एक होती. परस्परांवरचा विश्वास उरला नव्हता.

त्याच सोमालियाच्या उत्तर भागात वेगळे काही घडले. मे १९९१ मध्ये सोमालीलँड या नावाने तो भाग अलग झाला. १९९३ मध्ये बोरामा गावी कुळांचे वृद्ध पंच जमले. महिनोन्‌महिने बैठका चालल्या. कोणाची जनावरे कोणी नेली, कोणाची माणसे कोणी मारली, भरपाई किती, हे एकेक करून मिटवले गेले आणि त्यातून शासनाची घडी बसली. पंचांच्या सभेला विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणून स्थान मिळाले. तेथे निवडणुका होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधी पक्षाचा उमेदवार राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला आणि सत्तांतर शांततेने झाले. जगातल्या बहुसंख्य देशांनी या भूभागाला मान्यता दिलेली नाही. लोक तेच, धर्म तोच, भाषा तीच. एकीकडे बंदुकीने वरून लादलेली एकता, दुसरीकडे झाडाखाली बसून खालून जुळवलेली.

शेवटी बोलणारा राजा

दक्षिणेकडचा बोत्सवाना हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो स्वतंत्र झाला, तेव्हा जगातल्या अत्यंत दरिद्री देशांत त्याची गणना होती. सारा देश मिळून पक्के रस्ते अवघे १२ किलोमीटर, पदवीधर २२. चहूकडे वाळवंट आणि शेजारी वर्णद्वेषी राजवटी.

मात्र या त्स्वाना लोकांपाशी एक ठेवा होता. गावाच्या मध्यभागी लाकडी कुंपणाने वेढलेली सभेची जागा असते. तिला ते ‘खोत्ला’ म्हणतात. तेथे गावाचे प्रश्न मांडले जात, कोणीही उठून प्रमुखाच्या तोंडावर टीका करू शके आणि प्रमुखाने सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी बोलावे, असा दंडक होता. प्रमुख हा लोकांमुळे प्रमुख, अशी त्यांची म्हण आहे. या सभेत पूर्वी स्त्रियांना स्थान नव्हते आणि सान नावाच्या वनवासी जमातींना तर त्स्वाना समाजाने दीर्घकाळ खालचे मानले. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण सत्तेला जाब विचारण्याची सवय त्या समाजाच्या हाडीमाशी रुजली होती. १८९५ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात आपला प्रदेश जाणार असे दिसताच तीन त्स्वाना प्रमुख थेट इंग्लंडला गेले, गावोगाव सभा घेतल्या आणि तो बेत बव्हंशी उधळून लावला. त्या तिघांपैकी खामा यांचे नातू सेरेत्से खामा हे पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरात ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. तो भूभाग सेरेत्से खामांच्याच जमातीचा. खनिजावरचा हक्क जमातीकडे ठेवावा, असे त्यांना वाटले असते तर आश्चर्य नव्हते. त्यांनी कायदा करून तो साऱ्या देशाचा केला. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत हिरे आणि तेल यांनी यादवी पेटवली. बोत्सवानात त्याच पैशातून रस्ते, शाळा आणि दवाखाने झाले. १९९० च्या दशकात एड्सने या देशाला होरपळून काढले, त्यातूनही तो सावरला. स्वातंत्र्यापासून ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष २०२४ च्या निवडणुकीत पराभूत झाला आणि राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य करून सत्ता सोपवली.

टांझानियाचा मार्ग निराळा. तेथे १२० हून अधिक जमाती. ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिली ही सर्वांची समान भाषा म्हणून रुजवली. स्वाहिली कोणा एका प्रबळ जमातीची नसल्यामुळे तिच्यापुढे कोणाला कमीपणा वाटला नाही. किनाऱ्यावरच्या व्यापारातून वाढलेल्या या भाषेत गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात, हे ऐकून मराठी माणसाला आपुलकी वाटावी. जमातींच्या रक्तपातापासून या भाषेने तो देश पुष्कळ अंशी वाचवला. मात्र न्येरेरेंची समाजवादी ग्रामयोजना फसली, कारण १९७० च्या दशकात ती सक्तीने राबवली गेली. माणसे उचलून नव्या गावांत नेली आणि शेती मोडली. पुढे एकाच पक्षाची पकड कायम राहिली आणि ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत तेथील रस्त्यांवर रक्त सांडले. भाषेने माणसे जोडता येतात. त्यांचे ऐकून घेण्याची सवय सत्तेने सोडली, की जोडलेले पुन्हा उसवू लागते. माली, बुर्किना फासो, नायजर येथे २०२० ते २०२३ या काळात झालेले लष्करी उठाव आणि एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये पेटलेले युद्ध हेच सांगते.

औंधहून नैरोबीला

खालून वर उभारलेल्या स्वराज्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सातारा जिल्ह्यातले औंध हे ७२ गावांचे छोटे संस्थान. सूर्यनमस्काराचा देशभर प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी तेथील राजे. १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता स्वेच्छेने प्रजेच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना झाली: पाया ग्रामपंचायतीचा, तिच्यावर तालुक्याची सभा आणि मग विधिमंडळ. किरकोळ तंटे गावातच मिटू लागले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीविना वसाहत झाली. तिच्यावरूनच पुढे शांताराम बापूंनी ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. या प्रयोगात वडिलांच्या खांद्याला खांदा लावून राबले ते राजपुत्र आप्पासाहेब पंत.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून आप्पासाहेबांना नैरोबीला पाठवण्यात आले. सोबत पत्नी नलिनीदेवी, त्या स्वतः शल्यविशारद. केनियात तेव्हा तीन मजली समाज होता. वर गोरे, मध्ये भारतीय, तळाशी आफ्रिकी. मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधायला सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेले होते, त्यातले सुमारे अडीच हजार तेथेच दगावले. मागे राहिलेले, आणि त्यांच्या आगेमागे गेलेले व्यापारी आणि कारकून यांनी आपल्या कष्टाने बस्तान बसवले. पण मधल्या मजल्यावरच्या माणसाची नजर बहुधा वरच लागलेली असते. भारतीय समाजाची गाऱ्हाणी गोऱ्यांविरुद्ध होती. तळाशी असलेल्यांशी त्याचा संबंध दुकान आणि चाकरी यांपुरताच राहिला.

यापूर्वी १९१२ मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. तेथल्या कोकणी मुसलमानांना आणि मराठी हिंदूंना समजावे म्हणून गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि स्वतः हिंदुस्थानीत भाषांतर केले. त्या खंडात मराठीतून राजकीय भाषणे झाली, ही गोष्ट अभिमानाची. मात्र तो लढा भारतीयांच्या हक्कांपुरता होता. आप्पासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले. ही भूमी आफ्रिकी लोकांची आहे आणि येथे भारतीयांचे भवितव्य त्यांच्याशी जुळवून घेण्यावरच अवलंबून आहे, हे ते भारतीयांना सांगत राहिले. हॉटेलांच्या दारांवर वर्णभेदाच्या पाट्या असताना त्यांच्या घरी गोरा, भारतीय आणि आफ्रिकी एका पंगतीला बसत. जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या घेऊन आफ्रिकी तरुण भारतात शिकायला येऊ लागले. भारतीय समाजाने गांधीजींच्या स्मारकासाठी जमवलेला निधी सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या महाविद्यालयाला मिळाला. तेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले. ब्रिटिशांना हे खुपले. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना तुरुंगात टाकले, आणि लंडनच्या तक्रारींनंतर १९५४ मध्ये आप्पासाहेबांना नैरोबी सोडावे लागले.

गोमंतकाचा एक पुत्र याहूनही पुढे गेला. पियो गामा पिंटो १९२७ मध्ये नैरोबीत जन्मले, भारतात शिकले, गोवामुक्तीच्या चळवळीत पडले आणि १९४९ मध्ये केनियाला परतले. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी पाच वर्षे स्थानबद्धता भोगली. देश स्वतंत्र झाल्यावर सत्ताधाऱ्यांच्या जमीन-लालसेवरही ते बोलत राहिले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या फाटकाशी, गाडीत मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र केनियाचा पहिला राजकीय हुतात्मा म्हणून तो देश या गोमंतकीयाचे नाव घेतो.

नव्वद दिवसांचा धडा

आप्पासाहेबांचे ऐकले गेले नाही तेथे काय घडले, हे ऑगस्ट १९७२ मध्ये दिसले. युगांडाचा लष्करशहा इदी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पन्नास हजारांहून अधिक माणसे उखडली गेली. दुकाने, कारखाने, घरे, मंदिरे मागे राहिली. हा निव्वळ अन्याय होता, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. ज्यांनी तो केला त्यांची अर्थव्यवस्थाही त्यात बुडाली. तरीही एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. तीन-तीन पिढ्या शेजारी राहिलेल्यांना निरोप द्यायला कंपालातले किती शेजारी आले? ज्यांच्याशी पंगत झाली नव्हती, ज्यांची भाषा नोकराला हुकूम देण्यापुरतीच शिकली होती, त्यांनी मध्ये पडावे अशी अपेक्षा कशी करायची? संपत्ती मिळवता येते, ती कायद्याने राखताही येते. संकटात दार ठोठावण्याचा हक्क मात्र शेजारधर्मानेच मिळतो.

आज नागपुरातल्या आणि वाडीतल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी आहेत. त्यांना पाठवताना पासपोर्ट, पदवी आणि बचत यांची काळजी घेतली जाते. ज्या समाजात जायचे त्याची भाषा, त्याची सुखदुःखे, त्याच्यातला दुबळा माणूस यांच्याशी नाते जोडण्याची शिकवण किती घरांतून दिली जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

२०१७ या एकाच वर्षातल्या दोन घटना सांगून हे विवेचन संपवणे उचित होईल. मार्च महिन्यात दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरली आणि जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना दुकानांच्या गर्दीत गाठून मारहाण केली. त्या विद्यार्थ्यांचा त्या मृत्यूशी संबंध असल्याचा पुरावा नव्हता. कातडीचा रंग हाच पुरावा मानला गेला. आणि जुलै महिन्यात केनिया सरकारने आपल्या देशातल्या भारतीय वंशाच्या समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. लोहमार्गावर मेलेल्या मजुरांचा आणि गोळ्या झेललेल्या पिंटोंचा समाज केनियाने आपल्या पंक्तीला घेतला.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० समूहाचे सदस्यत्व मिळाले, ते भारताच्या पुढाकाराने. वसुधैव कुटुंबकम् हे त्या परिषदेचे बोधवाक्य होते. दिल्लीतल्या सभागृहात ते वाक्य भिंतीवर झळकले, हे चांगलेच झाले. त्याची परीक्षा मात्र पुण्यात किंवा नागपुरात एखादा आफ्रिकी विद्यार्थी भाड्याने खोली मागायला दारात उभा राहतो, तेव्हा होते. औंधच्या राजपुत्राने नैरोबीत आपल्या घराचे दार उघडे ठेवले होते. ते दार येथेही उघडे आहे काय, याचे उत्तर देणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते घराघरांतूनच द्यावे लागेल.